आधाररक्त

रेहानाच्या रक्ताचा अहवाल तिसऱ्यांदा स्वच्छ आला, तेव्हा इम्तियाज सतारमेकरला आनंद व्हायला हवा होता. तो कुपीवाचक यंत्रासमोरून उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला आणि पडद्यावरची तीच ओळ पुन्हा वाचू लागला. स्वादुपिंड : शून्य.

रेहाना त्याची पत्नी. गेल्या काही महिन्यांत तिचं वजन उतरलं होतं आणि रक्तातली साखर एकाएकी वाढली होती. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या टोकाशी सूज दिसत होती, पण ती साध्या दाहाची की कर्करोगाची, हे ठरत नव्हतं. मिरजेतले शल्यचिकित्सक डॉ. आवटी यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की शस्त्रक्रिया मोठी आहे. उगाच करण्यासारखी नाही आणि कर्करोग असेल तर लांबवण्यासारखीही नाही. यंत्र काय म्हणतं ते शुक्रवारपर्यंत कळवा.

इम्तियाजने तिला फोनवर शून्य सांगितलं.

"मग तुमच्या यंत्राला विचारा," ती म्हणाली, "की माझ्या बांगड्या हातातून का गळतायत."

दुपारी आवटी स्वतःच इम्तियाज काम करत असलेल्या प्रयोगशाळेत आले. चाकू मला चालवायचाय, तेव्हा हे प्रकरण मला नीट समजावून सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. समजावण्याचं काम प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. श्रेणिक मगदूम यांनी आवडीने केलं. साठीला आलेले, रोज पहाटे कृष्णेत पोहणारे, ताठ बांध्याचे गृहस्थ.

शरीरातली प्रत्येक पेशी अतिसूक्ष्म, बंद कुप्या बाहेर टाकत असते, ते सांगू लागले. या पेशीकुप्या रक्तातून हिंडतात. कुपीच्या भिंतीवर ती कोणत्या अवयवातून आली याची खूण असते आणि आत त्या पेशीचा माल. रोगट पेशी जास्त कुप्या टाकतात, त्यांतला मालही बिघडलेला असतो. काही रोगट कुप्या तर पुढे जाऊन यकृतात रोगासाठी जागा तयार करतात. त्या वेळीच दिसल्या, तर रोग पसरण्याआधी गाठता येतो. पुढेमागे त्या रक्तातून गाळूनही काढता येतील.

"अडचण गर्दीची आहे. निरोगी रक्तातही अब्जावधी कुप्या असतात आणि त्यांतही थोडा बिघडलेला माल असतोच. म्हणून आम्ही निरोगी रक्ताचं, म्हणजे आधाररक्ताचं, मोजमाप रोग्याच्या मोजमापातून वजा करतो. उरेल तो रोग."

"निरोगी म्हणजे कुणाचं रक्त?" आवटींनी विचारलं.

"माझं," मगदूम किंचित संकोचाने म्हणाले.

सुरुवातीला सगळ्यांनीच रक्त दिलं होतं, पण अनेकांचं रक्त एकत्र केलं की खुणा पुसट होत. मग सर्वांत ठणठणीत माणूस निवडला गेला. कुप्या टिकत नाहीत, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मगदूम बाही वर करून बसत. नंतर त्यांना गूळ-शेंगदाणे मिळत. सरांनी पथ्य मोडलं तर अख्खा जिल्हा आजारी पडेल, अशी प्रयोगशाळेतली थट्टा होती.

"आणि एखाद्याच्या कुप्या तुमच्याहून कमी निघाल्या तर?" आवटींनी पुढे विचारलं.

"शून्य धरतो. उणे रोग कसा असेल?"

आवटींनी मान डोलावली, चहा संपवला आणि ते गेले. प्रश्न मात्र इम्तियाजपाशी राहिला. त्याने यंत्राच्या आज्ञावलीतली शून्य धरण्याची ओळ काढून टाकली आणि रेहानाचा नमुना पुन्हा मोजला. स्वादुपिंडाचा आकडा शून्याखाली गेला.

मग त्याने इतरांचे आकडे काढले. या वर्षी तपासलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं स्वादुपिंड शून्याखाली होतं आणि दर महिन्याला आणखी खाली जात होतं. बाकी अवयव जागच्या जागी. हजारो अनोळखी माणसांची स्वादुपिंडं एकाच वेगाने सुधारत होती.

इम्तियाजच्या आजोबांचं तंबोऱ्यांचं दुकान होतं. ज्या तंबोऱ्यावर बाकीचे मिळवायचे तोच उतरला, तर दुकानात कुणाला काही खटकत नाही, असं ते म्हणत. त्याला आता बसवेना. त्याने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं आणि आधाररक्ताच्या जागी तेच लावलं.

रेहानाच्या नमुन्यात रोगट कुप्या दिसल्या. थोड्या, पण स्पष्ट. यकृताकडे निघालेल्या कुप्या अजून नव्हत्या. मग रोग्याच्या जागी लावलेल्या मगदूमांच्या रक्तात दोन्ही होत्या, आणि कितीतरी जास्त.

मगदूम खोलीत आले तेव्हा पडदा उघडाच होता. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं.

"रेहाना?" त्यांनी आधी विचारलं.

"वेळेत आहे, सर."

"आणि माझ्यामुळे ज्यांना शून्य मिळालं ते?"

मूळ मोजमापं शाबूत आहेत, इम्तियाज म्हणाला. प्रत्येकाच्या आकड्यात सरांचा त्या महिन्याचा रोग परत मिळवला, की खरा आकडा निघेल. मगदूम खुर्चीत बसले. सवयीने त्यांचा हात बाहीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पण इम्तियाज, तू निरोगी आहेस हे कशावरून?"

मगदूमांनी स्वतःच नमुन्यांची अदलाबदल केली, आधाररक्त आपलं, रोगी इम्तियाज, आणि कळ दाबली. यंत्र गुणगुणत राहिलं. इम्तियाज उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. या खोलीबाहेरच्या बाकावर माणसं अशी का येरझारा घालतात, हे त्याला इतक्या वर्षांत प्रथमच कळत होतं.

पडद्यावर एकही अवयव शून्याच्या वर गेला नाही. स्वच्छ.

"म्हणजे तू माझ्याहून जास्त आजारी नाहीस," मगदूम म्हणाले. "एवढंच."

फोन वाजला. आवटी होते. शस्त्रक्रियागृह राखून ठेवायचं की नाही, त्यांना आत्ताच हवं होतं.

"राखून ठेवा," इम्तियाज म्हणाला.

"नक्की?"

इम्तियाजने दंडावरचा कापसाचा बोळा दाबून धरला.

"रेहाना माझ्याहून जास्त आजारी आहे," तो म्हणाला. "तेवढं नक्की."