हिरव्या पालीची साक्ष

पाल चुकचुकली, आणि सुलेखाच्या हातातली मधाची बशी फरशीवर पडून फुटली.

“कृष्ण, कृष्ण, कृष्ण...” तिने टेबलावर बोटाने तीनदा टकटक केलं. पुण्यात आईने लहानपणी लावलेली सवय. ती फ्रँकफर्टच्या प्राणिशास्त्र संस्थेत येऊन थोडीच सुटणार! पण त्या दिवशी तिच्या टकटकीबरोबर मागून आणखी एक टकटक ऐकू आली. दाराच्या चौकटीवर. आणि एक पुरुषी आवाज — “कृष्ण, कृष्ण...”

तिने दचकून वळून पाहिलं. नोव्हेंबरच्या भुरभुर पावसाने भिजलेला ओव्हरकोट, कपाळावर ओघळलेले केस, सावळा चेहरा आणि डोळ्यांत तिच्याइतकंच आश्चर्य.

“तुम्ही... मराठी?”

“होय तर! मोरिशसचा. श्रीनाथ.” तो हसला. “पणजोबा रत्नागिरीहून उसाच्या मळ्यावर गेले, ते तिथलेच झाले. ही पाल माझ्याबरोबरच बोटीतून आली. तुम्ही तिला घाबरता की काय?”

“मी? छे!” असं म्हणत सुलेखा दोन पावलं मागे सरकली.

खरं सांगायचं तर ती पालीला भयंकर घाबरायची. ती आली होती फुलपाखरांवर डॉक्टरेट करायला. पण पालींकडे बघणारा सहायक आजारी पडला आणि प्रोफेसरसाहेबांनी काचेची ती पेटी बिनदिक्कत तिच्या गळ्यात मारली. “जा, जा, फ्रॉयलाइन, तिला फक्त मध-पाणी द्यायचं!” फक्त म्हणे! पेटीत बोटभर लांबीची, पोपटी रंगाची, पाठीवर लाल ठिपके ल्यालेली पाल दिवसाढवळ्या टकामका बघत बसायची. देखणी होती, नाही असं नाही. पण शेवटी पाल ती पालच.

श्रीनाथ याच संस्थेत संशोधन करायला आला होता. मग तो रोज येऊ लागला. आधी पालीसाठी, पुढे पुढे पालीचं निमित्त करून. त्याचं मराठी त्याच्या आजीकडून आलेलं, कोकणी वळणाचं, संथ. आईला तो ‘आवस’ म्हणायचा. सुलेखाला आधी हसू यायचं, मग त्या शब्दाची ती वाट बघायला लागली.

“आमच्या बेटावर माणसालाच पाय ठेवायला जागा नाही,” तो सांगायचा, “मग पाखरांना कोण विचारतो? ऊस, ऊस, डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस. रान उरलंय ते तुमच्या पातळाच्या काठाएवढं.”

“आणि त्या काठात काय काय आहे?”

“गुलाबी कबुतरं. एक ससाणा, फक्त आमच्याच दऱ्यांत राहणारा. लिचीच्या बागांवर तुटून पडणारी मोठी वटवाघळं... आणि ह्या बाईसाहेब. एका घळीत, जुन्या झाडांच्या ढोलीत.” तो काचेवर बोट ठेवायचा. “एखादं मोठं वादळ आलं ना, की संपलंच सगळं.”

हे सांगताना त्याचा चेहरा उतरायचा. आणि सुलेखा उगीच खिडकीबाहेरचं आभाळ बघायला लागायची. उगीच? नाही हो. प्रेमात पडलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती लगेच लागते, तापासारखी.

जानेवारीच्या शेवटी पालीने पेटीतल्या बांबूच्या पोकळीत दोन अंडी चिकटवली, वाटाण्याएवढी. त्याच आठवड्यात श्रीनाथला जायचं होतं. त्या घळीत किती पाली उरल्या आहेत ते मोजून, आणखी दोन जोड्या घेऊन यायच्या होत्या.

“अंडी फुटायच्या आत परत येईन,” तो म्हणाला. “आणि मग तुम्हाला... एक विचारायचंय.”

“आत्ता विचारा की.”

“नको. परत आल्यावर. नक्की येईन मी—”

चुक् चुक् चुक्!

सुलेखाचं तोंड पांढरंफटक पडलं. तिच्या घरी पाल मध्येच बोलली की ते काम फिसकटलंच समजायचे. आई निघालेली पावलं मागे घ्यायला लावायची. पण श्रीनाथ मात्र खुलला. “झालं! आमची आजी म्हणायची, बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं होतं. आता काळजीच नको!”

“जाऊ नका,” सुलेखाच्या तोंडून निसटलं.

तो थबकला. तिच्याकडे बघत राहिला... आणि ट्रामची घंटा वाजली तशी टोपी उचलून धावत सुटला.

फेब्रुवारीच्या अखेरीस वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मोरिशसवर चक्रीवादळ. हजारो घरं जमीनदोस्त, तारा तुटलेल्या, मृतांचा आकडा अजून कळलेला नाही.

तिने त्या चार ओळी किती वेळा वाचल्या असतील! त्याच्या घरच्या पत्त्यावर दोनदा तार केली, उत्तर नाही. प्रोफेसरांना विचारायला गेली आणि दारातून परत आली. काय म्हणून विचारायचं? ती त्याची कोण? तिला तर त्याचा प्रश्नसुद्धा ठाऊक नव्हता. पोस्टमनची सायकल दिसली की ती खिडकीशी धावायची, आणि सायकल निघून गेली तरी तिथेच उभी राहायची. पेटीसमोर बसून ती पालीला म्हणायची, “तूच बोललीस ना ग मध्ये? आता सांग, माझी आई खरी की त्याची आजी?”

पाल जिभेने स्वतःचा डोळा पुसायची.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सुलेखा आली तर खोल्या तापवणारे रेडिएटर गार पडलेले. तळघरातला बॉयलर बंद होता. इमारतीची देखभाल करणारा लोहमान खांदे उडवून म्हणाला, “बघतो. पण तासाभरात होणारं काम नाही हे.”

पेटीतला पारा सतरावर आला होता. पाल काळवंडून एका कोपऱ्यात पडली होती. थंडीने अंडी गेली तर? पाल गेली तर? आणि तो... तो नसेलच, तर त्याचं एवढंच तर उरलं होतं. पकडायची नाही, असं श्रीनाथने बजावलं होतं. हिची कातडी कागदासारखी फाटते. तिने बांबू उचलायला पेटीत हात घातला मात्र, पाल कशीबशी सरपटत तिच्या मनगटावर आली आणि ऊब शोधत बाहीत शिरली.

पुण्यातल्या पंचांगात अंगावर कुठे पाल पडली की काय फळ, याचं कोष्टक असतं. मनगटाचं फळ तिला आठवेना. तिने किंकाळी गिळली, हात झटकला नाही. बांबू शालीत गुंडाळून छातीशी धरला आणि खुर्चीत बसून राहिली. कोपरापाशी चार इवले पाय, गार गार... हळूहळू कोमट. पाच वाजता रेडिएटर खडखडला, तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भीतीचं नव्हतं ते. त्याच्यावर आपला किती जीव आहे, हे तिला त्या खुर्चीत कळलं होतं.

एप्रिल उजाडला. अंडी फुटली. आगपेटीच्या काडीएवढी दोन पिल्लं काचेवरून धावू लागली. त्यांना बघून सुलेखा हसली आणि लगेच रडली. ‘अंडी फुटायच्या आत’ म्हणाला होता तो.

चौथ्या दिवशी दाराच्या चौकटीवर टकटक झाली. तीनदा.

हातातली बशी पुन्हा फुटली, हे सांगायलाच नको.

श्रीनाथ उभा होता. गालफडं बसलेली, डावा हात झोळीत, बगलेत रिकामी पेटी. “उशीर झाला,” तो म्हणाला. “तारघरच उडून गेलं होतं. मागाहून पत्र टाकलं, ते पोचलं नसणार.”

“आणि... आवस?” तिने त्याचाच शब्द वापरला.

“आहे. छप्पर गेलं, ती राहिली.” तो खुर्चीत टेकला. “पण ती घळ गेली. एक झाड उभं नाही. आठ दिवस हिंडलो, एक पाल दिसली नाही. मला परत जायला हवं, सुलेखा. झाडं लावायची, वाढवायची... आयुष्य जाईल त्यात. म्हणून ते विचारायचं होतं ना, ते आता विचारत नाही.”

त्याने पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारली होती, आणि तीही नाही म्हणायला!

सुलेखाने त्याचा चांगला हात धरून त्याला पेटीपाशी नेलं. पिल्लं बघून त्याने काचेला नाकच लावलं.

“ह्यांना बेटावर कोण नेणार?” तिने विचारलं.

“मीच.”

“मधात पाणी किती घालायचं ते ठाऊक आहे? थंडी वाजली की ह्यांना बाहीत घ्यावं लागतं, ते?”

“बाहीत? तुम्ही... पालीला?”

“माझा प्रबंध जूनमध्ये संपतोय,” ती एका दमात म्हणाली. “मी ह्यांना घेऊन येते. माझं परतीचं तिकीट काढू नका.”

दोघांच्याही नजरा नकळत पालीकडे गेल्या. पण बाईसाहेब आरामात मध चाटत होत्या. ज्या दिवशी बोलायला हवं, नेमकं त्याच दिवशी मौन!

सुलेखाने क्षणभर वाट पाहिली. मग जीभ टाळूला लावून स्वतःच आवाज काढला — चुक् चुक् चुक्.

श्रीनाथ हसायला लागला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. त्याने टेबलावर बोटाने तीनदा टकटक केलं.