पाच वर्षं की सहा?

नव्याकोऱ्या काळ्या कोटातला सोमनाथ वकील हर्षालीच्या टेबलाशी पहिल्यांदा आला, तो केवळ शेजारच्या टायपिस्टचा प्रिंटर बिघडला म्हणून. नाशिकच्या कोर्टाच्या आवारात, पत्र्याखाली लॅपटॉप मांडून ती लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायची. बाहेर श्रावणातली भुरभुर होती. त्याचा तीन पानी अर्ज टाइप करता करता तिची बोटं थांबली.

"सर, एक विचारू? यात मागणीच नाहीये."

"म्हणजे?"

"तीन पानं नुसता अन्याय झालाय. कोर्टानं द्यायचं काय, ते कुठंच नाही."

सोमनाथचे कान तापले. नामपूरचा हा हुशार मुलगा, कॉलेजात पहिला आलेला, आणि त्याची चूक काढावी एका टायपिस्ट मुलीनं! बरं, ती हसलीसुद्धा नाही. कपाळावरची बट मागं सारून हळूच म्हणाली, "घालू का मीच?" झालं... गडी तिथंच कामातून गेला.

मग काय, साधं दोन ओळींचं पत्रही तो तिच्याकडेच आणू लागला. हर्षाली देवळ्याची. बारावीनंतर सहा वर्षं ती या टेबलावर बसत होती. जमिनीच्या भांडणांचे इतके कागद तिच्या हाताखालून गेले होते, की कुठलं कलम कुठं लागतं हे तिला तोंडपाठ होतं. पक्षकार आधी तिला विचारायचे, मग वकिलाला. सोमनाथला याचा खरं तर राग यायला हवा. पण या पठ्ठ्याला अभिमानच वाटायचा, जणू तिला यानंच शिकवलंय.

"मॅडम, तुम्ही वकील का नाही होत?" एकदा त्यानं विचारलंच.

"सीईटी दिलीय," ती चोरून केल्यासारखं म्हणाली. "गुणही बरे आहेत."

ते 'बरे' गुण त्यानं पाहिले. त्याच्यापेक्षा चांगले वीस जास्त होते.

"आता तुम्हीच सांगा, सर. पाच वर्षांचं बीए एलएलबी एकत्र करू, की मुक्त विद्यापीठातून आधी बीए आणि मग तीन वर्षांचं एलएलबी?"

पाच वर्षांचं म्हणजे गंगापूर रोडचं कॉलेज, दिवसभर तास आणि टेबल सोडणं. पण तिथं ऑनर्स होतं. शेवटी जादा पेपर देऊन एका विषयात पक्कं व्हायचं. "मी जमिनीचा कायदा घेणार," असं म्हणताना तिचे डोळे कसे लकाकले! दुसऱ्या वाटेनं वर्ष जास्त, ऑनर्स नाही; पण बीए होईतो रविवारी अभ्यासकेंद्र आणि बाकी दिवस इथंच, या टेबलावर.

सोमनाथनं चहाचा कप उगाच फिरवला. "दुसरं बरं. चालतं काम कशाला सोडायचं?"

तिचा चेहरा उतरला. "तुम्ही म्हणताय म्हणजे... माझ्या भल्याचंच असणार."

या एका वाक्यानं त्याला चार दिवस जेवण गोड लागलं नाही. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, तो रिकाम्या हातानं टेबलाशी येऊन उभा राहिला.

"आज कागद नाही, सर?"

"मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला. तुम्ही पाच वर्षांचंच करायला हवं, ऑनर्ससकट. मला हे तेव्हाही माहीत होतं."

"मग... दुसरं का सांगितलंत?"

"तुम्ही इथून गेला असता म्हणून. सकाळी आवारात शिरलो की मी आधी तुम्हाला शोधतो. आवडता तुम्ही मला. तुमचं भलं सोडून मी माझं बघितलं. खरं शे."

घाबरला, की त्याची बोली थेट नामपूरला पळायची. एरवी हर्षाली हसली असती. आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी फॉर्म सोडूनच दिला होता, सर. तुमच्या शब्दावर."

"पाच वाजेपर्यंत मुदत आहे. रागवायचं ते पाचनंतर रागवा. आत्ता भरा."

तिनं डोळे पुसले, लॅपटॉप पुढं ओढला. तो कॉलेजांची नावं वाचत गेला, ती भरत गेली. गंगापूर रोडचं सगळ्यात वर. साडेचारला फॉर्म जमा झाला, आणि इतका वेळ धरलेला श्वास दोघांनी एकदमच सोडला.

"आता रागवा," तो खाली मान घालून म्हणाला.

"रागवणारच आहे." तिनं पावती पर्समध्ये ठेवली. "तुम्ही आल्याशिवाय माझाही दिवस सुरू होत नाही, एवढं कळलं नाही तुम्हाला? कसले वकील तुम्ही..."

सोमनाथची मान झटकन वर आली.

"कॉलेज लागलं, की रोज संध्याकाळी गेटवर यायचं," ती लाजत, पण ठामपणे म्हणाली. "आणि मला मॅडम म्हणायचं नाही."