घासू, हे ओरखडे नाहीत!

खर्रर्र... खट्!

चंद्राच्या पोटातल्या आमच्या बोगदाघरात एरवी इतकी शांतता असते, की हा आवाज ऐकून मी कणीक तशीच टाकून आत धावले.

आत घासू उभा होता. घासू म्हणजे वसाहतीच्या भिंती साफ करणारा यंत्रमानव. त्याचं घासचाक गरगरत होतं आणि त्याच्यासमोर भिंतीला पाठ लावून, हात पसरून माझी सात वर्षांची वल्लरी उभी होती.

"हट्! नाही पुसू देणार!"

तिच्यामागे भिंतभर अक्षरं होती. तिचे बाबा बर्फाच्या खाणीवर गेल्यापासून त्यांना सांगायची रोज एक ओळ, खिळ्यानं कोरलेली. शाळेच्या पाट्या महिन्याला आपोआप कोऱ्या होतात. भिंत होत नाही. बाबा परवा परतणार होते.

"नियम चार," घासू म्हणाला. "लेखन जपावे, ओरखडे घासावेत. भिंत दोन मिलिमीटर खरवडली आहे. म्हणजे ओरखडे."

"मिलिमीटर मोजतोय मेला!" मी मध्ये शिरले. "तुझे नियम मुळात इंग्रजीत आहेत ना? लेखनासाठी कुठलं क्रियापद आहे त्यात?"

"राइट."

"त्याची व्युत्पत्ती (शब्दाच्या जन्माची हकिगत) सांग बघू."

चाक मंदावलं. "जुन्या इंग्रजीत अर्थ होता कोरणे, ओरखडणे. लोक लाकडावर, दगडावर टोकदार हत्यारानं खुणा करत. पुढे शाई आली. ओरखडणं सुटलं, शब्द मात्र टिकला. मग पुस्तक रचणं, संगणकाच्या स्मृतीत माहिती साठवणं, यालाही तोच."

"आणि आपलं लिहिणं?" वल्लरीनं मान पुढे काढली.

"संस्कृत धातू (क्रियापदाचं बीज) 'लिख्'. अर्थ, ओरखडणे."

"ऐकलंस ना स्वतःच?" मी म्हटलं. "हत्यारं बदलतात, शब्द मात्र नव्या कामाला जुंपले जातात. आमची पोर जुन्या हत्यारानं लिहितेय, एवढंच!"

घासूच्या पोटातला दिवा लाल झाला, पिवळा झाला, पुन्हा लाल. "नियमातच टक्कर. वरिष्ठांना विचारतो."

"खुशाल विचार. तोवर आम्ही दोघी हलत नाही."

माझ्या बोटांवरची कणीक वाळून पापडली, तेव्हा कुठे त्यानं चाक आत ओढलं. "लेखन. जपावे." आणि निमूट शेजारच्या घराकडे गेला.

"पळाला!" वल्लरी खिदळली. लगेच खिळा उचलून तिनं आजची ओळ सुरू केली. मध्येच थांबली.

"आई, अगदी पहिल्यांदा ज्यानं दगडावर ओरखडलं ना, त्याला कुणाला काय सांगायचं होतं गं?"