डाव्या बाजूचे ओरखडे

एका पक्ष्यानं गाडी घाण केली म्हणून दोघांची गाठ पडली, असं सांगितलं तर कुणीही हसेल. पण झालं खरं तसंच.

भर दुपारी काकांच्या गॅरेजात एक निळी गाडी येऊन उभी राहिली. बॉनेटवर पांढुरका डाग आणि त्याच्याभोवती गोल गोल चरे. गाडीचा मालक शाळेत भूमिती शिकवणारा, बाहीवर अजून खडूची भुकटी. काकांची पुतणी टॉर्च घेऊन वाकली. सगळे तिला ठकी म्हणत, पण रंगकामात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. चरे पाहून तिचा पाराच चढला.

“कोरड्या फडक्यानं घासलंत ना?”

“हो... वाळलं होतं. निघेना.”

“निघेना म्हणून जीव खाऊन घासायचं? अहो, हल्लीचा रंग ऊन-पाऊस वर्षानुवर्षं सोसतो. पण त्याच्यावर जो पारदर्शक थर असतो, तो केसाहून पातळ. घाण तशीच राहिली की त्याला खाते, आणि उरलेलं तुमच्यासारखे लोक घासून घालवतात. ओलं फडकं ठेवायचं, भिजू द्यायचं, मग अलगद उचलायचं.”

“म्हणजे घासायचं नाही... गोंजारायचं.”

“गाडीला!”

“मी गाडीचंच म्हणतोय,” सर म्हणाले आणि त्यांचे कान लालबुंद झाले.

त्या लाल कानांनीच ठकीचा घात केला. दिवसभर पॉलिशचं मशीन घुमत राहिलं आणि ती उगाच हसत राहिली.

डाग गेला, पण सर येतच राहिले. कधी डाव्या दारावर ओरखडा, कधी डावा आरसा खरचटलेला.

“आमच्या फाटकाचा खांब माझ्यावर डूख धरून आहे,” ते म्हणायचे.

“चालत येतो का तो अंगावर?”

“तसंच वाटतं हो. नसतो, नसतो... आणि एकदम असतो.”

ती खळखळून हसायची. काकाही मिशीत हसायचे. “ठके, हा बाबा तुझ्यासाठी गाडी ठोकतोय बघ,” असं ते एकदा म्हणाले, आणि तिनं ते खरं मानलं. का मानू नये? तिच्यासाठी आजवर कुणी साधी सायकलसुद्धा थांबवली नव्हती.

तिनं त्यांना गाडी धुवायला शिकवलं. सावलीत धुवायची. एक बादली साबणाची, दुसरी हातमोजा खळबळायची, नाहीतर तीच माती पुन्हा रंगावर फिरते. फेसाच्या बादलीत दोघांची बोटं भेटली आणि दोघांनीही ती लगेच काढून घेतली नाहीत. साबणाचा वास, ओल्या बॉनेटवर थरथरणारं आभाळ... आणि सर तिच्याकडे मान पूर्ण वळवून, टक लावून बघत होते. असं आपल्याकडे कुणी बघितलंच नाही, असं तिला वाटलं.

“ताईला हे ओरखडे दिसायच्या आत घालवा हं,” ते दरवेळी विनवायचे. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दुसऱ्या गावची, अधूनमधून येणारी. “तिची नजर फार तीक्ष्ण.”

ठकी घालवायची. काका कुरकुरायचे, “दरवेळी वरचा थर थोडा थोडा जातो पोरी. एक दिवस पॉलिश करायला काही उरायचं नाही.” तिच्या कानात ते शिरत नव्हतं.

मग एका सकाळी सर आले. डाव्या चाकावरच्या पत्र्यावर लाल पट्टा उमटला होता.

“खांबच,” ते म्हणाले.

“खांब पांढरा आहे ना तुमचा?” तिनं थिनरचा बोळा फिरवला. लाल रंग बोळ्यावर आला. कुणा दुसऱ्याचा रंग होता तो. “सर, हे कुठं लागलं?”

त्यांनी बोळा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग अगदी हळू म्हणाले, “मला माहीत नाही.”

ती स्वतः स्टिअरिंगवर बसली, त्यांना शेजारी बसवलं आणि ते आले त्या रस्त्यानं हळूहळू गाडी नेली. शाळेमागच्या गल्लीत, एका घरासमोर, लहान मुलाची तीनचाकी लाल सायकल चेपून पडली होती. दोघं उतरली. एक बाई सायकलपाशी उभी होती.

“कोण मेलं ठोकून गेलं कळलंसुद्धा नाही,” ती म्हणाली. “नेमकं त्याच्या आधी पोरीला दूध प्यायला घरात ओढलं होतं मी. नाहीतर...”

“मी ठोकली,” सर म्हणाले.

बाईनं त्यांना वाट्टेल ते सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. दारातून दुधाच्या मिशा असलेली एक चिमुरडी डोकावत होती आणि सरांना ती कुठं आहे तेच सापडत नव्हतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. काचबिंदू. वडिलांनाही होता. डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजव्याच्या कडा विझत चालल्या होत्या. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आता ताईच्या गावी जाऊन राहण्यावाचून मार्ग नव्हता.

“मग गाडी का चालवत होतात?” तिचा आवाज चिरकला.

“सोडली असती तर सगळं खरं झालं असतं. आणि... तुझ्याकडे यायला दुसरं निमित्त कुठं होतं?”

ज्या शब्दांची ती इतके दिवस वाट बघत होती, ते असे आले. त्यांच्यावर ओरडावं की त्यांना कवटाळावं, तिला कळेना. प्रत्येक ओरखडा तिनंच तर पुसला होता. एक जरी राहिला असता, तरी ताईनं किल्ली काढून घेतली असती.

“मी येते तुमच्याबरोबर,” ती म्हणाली. “डोळे नसले तर नसले. मला तुम्ही हवे आहात.”

“आज हो म्हणालो, तर ते प्रेम आहे की घाबरून धरलेला हात, हे मलाच कळणार नाही. नको, ठके.” पहिल्यांदाच त्यांनी तिला त्या नावानं हाक मारली. किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

गाडी विकली गेली. शाळेतली नोकरी सुटली. ताई न्यायला आली.

बस स्टँडवर ताई तिकिटं काढायला गेली, तेव्हा सरांनी ठकीला खांद्यांना धरून जरा इकडे, जरा तिकडे सरकवलं. उरलेल्या इवल्या वर्तुळात तिचा चेहरा नीट बसेपर्यंत.

“हलू नकोस,” ते म्हणाले.

ती हलली नाही. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, तेही तिनं पुसलं नाही.

“बस सुटताना कुठं उभी राहशील?”

“या पाटीखाली. इथंच बघा.”

पण बस हलली आणि मागून लोंढा आला. सामान, पोरं, हमाल, आणि ठकी ढकलली जात पार टोकाला गेली. खिडकीतून सर पाटीखाली शोधत होते. तिथं आता तिच्यासारखीच हिरवी ओढणी घेतलेली कुणी अनोळखी मुलगी उभी होती. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी हात हलवला... भरभरून, वेड्यासारखा. त्या मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिनंही हसून हात हलवला.

ठकीच्या ओठांवर हाक आली होती. ती तिनं गिळली. बस वळणापलीकडे जाईपर्यंत सर त्या मुलीकडेच बघत होते, इतके आनंदात, की आपल्याला ठकीच दिसतेय याची त्यांना खात्रीच होती.