शिंकणारी पिल्लं

"अहो, थांबा! औषधात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही!"

पोल्ट्रीच्या दारातून तिने असा काही आवाज चढवला, की समोरचा उंच तरुण दोन्ही बुटांनिशी औषधाच्या ट्रेमध्ये उभाच राहिला.

"एवढं चालेल? की अंघोळच करून येऊ?"

"तुम्ही कोण पण?"

"कोंबड्यांचा नवा डॉक्टर."

झालं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसत होता... आणि हसताना अगदी लहान मुलासारखा दिसत होता.

त्या दिवशी नव्या पिल्लांना फवाऱ्याने लस द्यायची होती. त्याने पंपाला जाड थेंबांची तोटी लावली. "थेंब डोळ्यांवर, नाकावर पडू दे. लसीतल्या जंतूशी ओळख तिथेच झाली, की पिल्लू त्याच्याशी लढायला शिकतं."

"ओळख दारातच करून घ्यायची म्हणजे!"

"तुम्ही घेता तशी," तो म्हणाला. ती लाजली.

पंप तिच्या हाती देऊन तो पलीकडच्या शेडमध्ये गेला. पहिल्याच फवाऱ्यात पिल्लं भिजून कुडकुडायला लागली आणि तिचा जीव कळवळला. तिने गुपचूप बारीक धुक्याची तोटी लावली. आता कशी, अंगावर पडलेलं कळणारसुद्धा नाही!

पुढे तो रोज चक्कर टाकू लागला. त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की ती उगाचच केस सारखे करायची. आठवडा सरला नाही तोच पिल्लं शिंकायला लागली. कान दिला तर घशात घरघर! तिच्या वडिलांनी, आप्पांनी, डॉक्टरला फैलावर घेतलं.

त्याने एक पिल्लू कानाशी धरलं. मग पंपाकडे बघितलं — बारीक धुक्याची तोटी अजून तशीच होती. त्याची नजर तिच्याकडे वळली आणि तिने मान खाली घातली.

"चूक माझी आहे, आप्पा," तो म्हणाला. "तोटी बारीक लागली. धुकं श्वासाबरोबर थेट फुप्फुसापर्यंत गेलं. इतक्या कोवळ्या जिवाला ते खोलवर झेपत नाही."

"मग उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही!" आप्पा कडाडले.

तो बॅग उचलून निघालासुद्धा. आता गप्प बसलं, तर हा माणूस कायमचा गेला!

"आप्पा... तोटी मी बदलली. पिल्लं भिजत होती, मला बघवलं नाही."

"मग हा कशाला स्वतःच्या अंगावर घेतोय?"

डॉक्टरचे कान लाल झाले. "म्हणजे... त्यांना बोलणी बसलेली... मलाही बघवली नसती."

आप्पांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "पिल्लं वाचतील का, ते सांगा आधी."

"ऊब ठेवा, शेडचे पडदे थोडे वर करा, हवा खेळू द्या. बहुतेक सगळी सावरतील. मी रोज येऊन बघेन."

"या," आप्पा गुरगुरले आणि पडदे उचलायला निघून गेले.

ती हळूच म्हणाली, "आणि पिल्लं बरी झाल्यावर?"

"तेव्हा आप्पांना काहीतरी विचारायला येईन."

"आप्पांना? आधी मला विचारा की!"

त्याने घसा खाकरला, बॅग खाली ठेवली, तोंड उघडलं...

"हो," ती म्हणाली.

"अहो, मी अजून विचारलंच नाही!"

"मग विचारा ना लवकर — पिल्लांना दाणे घालायचेत मला!"