एकतीस घरांची रांग

"कात्री कुठे गेली? आत्ता तर इथंच होती!" उपनगर इतिहास मंडळाचे चिटणीसकाका टेबलाखाली वाकून ओरडले.

कात्री ढब्बूच्या खाली होती. तो तिच्यावर बसला होता आणि चेहरा असा, की गरीब गाय!

उद्या सकाळी मंडळाचं प्रदर्शन होतं. सुट्टी म्हणून ढब्बू, त्याची मामेबहीण चिमणी आणि शेजारची वकीलीण मदतीला आली होती. वकीलीण कुणाशीही, कशावरूनही वाद घालायची, म्हणून ते नाव. एक अख्खी भिंत चिमणीच्या आजोबांसाठी राखलेली होती. आजोबा तीन आठवड्यांपूर्वी गेले. चिमणी अजून रडली नव्हती. दात काढताना गाल बधिर होतो ना, तशी ती सगळीच झाली होती.

आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या गल्लीत चालत चालत ओळीनं एकतीस घरांचे फोटो काढले होते. प्रत्येक फोटो घरनंबर घातलेल्या पाकिटात. चिटणीसकाकांनी काय करावं? मोठे फोटो एका गठ्ठ्यात, छोटे दुसऱ्यात, आणि पाकिटं कचऱ्यात! ती घरं केव्हाच पडली होती. घरनंबरांच्या क्रमानं घरमालकांची यादी मंडळाकडे होती, पण फोटोतलं कुठलं घर कितवं ते कोण सांगणार? आणि ओळख न पटलेला फोटो भिंतीवर लावायचा नाही, हा मंडळाचा नियम.

"दोन-चार बरे फोटो कडा कापून सजावटीला लावू," काका म्हणाले होते. "बाकीचे माळ्यावर!"

"कापू नका," चिमणी सपाट आवाजात म्हणाली होती. "कडेला पुढच्या घराचं फाटक आलंय."

"अगं, ती चूक असते. आजोबा तुझे हौशी होते."

म्हणून ढब्बू कात्रीवर बसला.

"काका, पाण्याची टाकी तुमच्या वडिलांनी बांधली, हे मला नाही पटत," वकीलीण म्हणाली.

"नाही पटत? चल गॅलरीत, टाकीच दाखवतो!"

काका टाकीच्या पायापासून सुरू झाले. वकीलीण दर वाक्याला "पण का?" विचारत होती. आत चिमणी आणि ढब्बू फरशीवर रांगायला लागले.

"अर्धं फाटक, बारीक गज!"

"हे घे, त्याचं उरलेलं अर्धं!"

"पुढं तुटका कठडा."

"सापडला! अगं, ही तर आगगाडी झाली!"

फोटो कडेला कड लावून भिंतीपर्यंत गेले, वळले, टेबलाखालून बाहेर आले. एकतीस! ढब्बूनं यादी धरली आणि एकेका फोटोपाशी नाव ठेवत गेला.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाई आल्या. दारातच थांबल्या. चपला काढून रांगेच्या कडेकडेनं शेवटपर्यंत चालत गेल्या.

"हे तिसरं घर माझ्या मावशीचं. आणि यादीत तिसरं नाव तिचंच!" त्या म्हणाल्या. काका आणि वकीलीण गॅलरीतून आत आले, तशा त्या काकांकडे वळल्या. "चिटणीस, आपण दोन महिने बैठका घेतल्या. पोरांनी अर्ध्या तासात गल्ली उभी केली! शाब्बास रे!"

काकांनी कान पकडले. "चुकलो बाबांनो. कडा मीच कापायला निघालो होतो."

टाळ्या वाजल्या. चिमणीला त्या ऐकू आल्या, पण वाटलं काहीच नाही. ती शेवटच्या फोटोकडे बघत होती. गल्लीच्या टोकाचं, आजोबांचं स्वतःचं घर. तीस घरांची दारं बंद होती. याचं मात्र सताड उघडं. फोटो काढायला म्हणून आजोबा बाहेर पडले होते आणि दार लावायचं विसरले होते.

"आजोबा, दार!" ती एकदम ओरडली, घरी रोज ओरडायची तशी.

कुणीच "लावतो गं बाई" म्हणालं नाही. चिमणी फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. अध्यक्षबाई तिच्याजवळ खाली बसल्या. चिटणीसकाकांनी डोळे पुसले, शिडी लावली आणि तो फोटो कडेसकट भिंतीवर लावला.