विलंबमापक

सांगलीच्या क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. नीलांबरी खासनीसांनी बनवलेल्या यंत्राचं नाव होतं विलंबमापक. डोळ्यांनी हल्ला टिपल्यापासून स्नायू हलेपर्यंत जो सूक्ष्म वेळ जातो, तो हे यंत्र प्रक्षेपणातल्या चित्रावरूनच मोजायचं. ठोसे, लाथा, कुस्ती असं सगळंच चालणाऱ्या मिश्र मल्लयुद्धाच्या लढतींवर परवानाधारक पैजा लागू लागल्या, तेव्हा नीलांबरीताईंनाही मोह झाला. पण त्या बेतानं खेळायच्या. यंत्र बहुतेक वेळा ‘अनिश्चित’ म्हणायचं आणि त्या मुकाट लढत बघत बसायच्या. क्वचित ते ठाम कौल द्यायचं, तेव्हाच छोटीशी पैज लावायच्या. अजून एकदाही हरल्या नव्हत्या, आणि त्याचं त्यांना मोठं समाधान होतं.

त्या संध्याकाळी लढतीआधी रूपाली मगदूम पडद्यावर जोडीदाराबरोबर सरावाचे हात करत होती. यंत्रानं ती हरणार असा कौल दिला. ताईंनी तिच्या प्रतिस्पर्ध्यावर पैज लावली आणि चहाचा कप उचलला.

शेजारी मेंदूतज्ज्ञ डॉ. इक्बाल मुजावर बसले होते. “ताई, याला कधी कळतं, कधी कळत नाही. असं का?”

“तल्लख माणसाचा विलंब सतत बदलतो, इक्बालभाई. श्वासागणिक. मग अंदाज कसा करणार? पण एखाद्याचा शरीराच्या एकाच बाजूला वाढून तिथंच अडकतो. तो हरतो.”

“निरोगी माणसाचा अडकत नाही?”

“नाही.”

“मग कोणाचा अडकतो?”

ताईंनी कप खाली ठेवला. इक्बालभाई शांतपणे म्हणाले, “कोण जिंकणार ते तुम्ही ओळखतच नाही. कोणाच्या डोक्याला आधीच इजा झालीय, ते ओळखता.”

ताईंनी लगेच स्पर्धेच्या डॉक्टरांना फोन लावला. रूपालीच्या मेंदूचं चित्रण केल्याशिवाय तिला उतरवू नका, म्हणाल्या.

“तपासणीत ती ठणठणीत आहे,” डॉक्टर कुरकुरले. “तुमच्याकडे पुरावा काय?”

“मी तिच्याविरुद्ध पैज लावलीय. खात्री असल्याशिवाय मी लावत नाही. लढत रद्द झाली तर मला काहीच मिळणार नाही, तरी रद्द करा म्हणतेय.”

डॉक्टरांचा सूर बदलला. मग ते म्हणाले, “चित्रण करून घेतो.”

सरावात डोक्याला बसलेल्या गुडघ्याच्या फटक्यानं कवटीच्या आत बारीक रक्तस्राव सुरू झाला होता. लढत रद्द झाली, शस्त्रक्रिया वेळेत झाली. पुढं संघटनेनं नियमच केला: विलंबमापकाच्या तपासणीतून गेल्याशिवाय कोणी आखाड्यात उतरायचं नाही.

ताईंच्या पैजा मात्र त्या दिवसापासून बंद पडल्या. ज्यांच्याबद्दल यंत्राला खात्री वाटायची, ते आता दारातूनच उपचाराला जाऊ लागले. आत पोचायचे ते फक्त असे, ज्यांचं काहीच सांगता येत नव्हतं. इक्बालभाई हसून म्हणाले, “स्वतःच्या हातानं धंदा बुडवलात.” ताईही हसल्या. आता त्या लढती खुर्चीच्या कडेला बसून बघायच्या आणि त्यांना त्या पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आवडायच्या.

बरी होऊन परतलेली रूपाली पहिल्या लढतीआधी तपासणीला आली. यंत्रासमोर उभी राहून तिनं विचारलं, “मॅडम, जिंकेन का मी?”

ताईंनी आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. त्यांचा चेहरा खुलला.

“काही सांगता येत नाही, बाळा,” त्या म्हणाल्या. “जा, खेळ.”